शेरडाने खाल्लेला डहाळा

माणूस गुन्हा का करतो, यावर शहाण्यांनी आजवर बरंच डोकं खपवलंय. कुणी रक्ताला बोल लावला. इंग्रजांच्या राज्यात तर अख्ख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगार म्हणून शिक्का बसला. पुढे भुकेचं नाव झालं, दारूचं झालं, जमिनीच्या हावेचं झालं. आमच्या म्हसवडच्या धुळा मेंढक्याने काठी उचलली, तेव्हा यातलं एकही कारण तिथे हजर नव्हतं. होतं ते एक शेरडू.

धुळासारखा गरीब स्वभावाचा माणूस मी पाहिला नाही. वाटेत विंचू दिसला तरी हा बाजूने जाणार. दर साली तो आणि त्याची बायको हरणाबाई मेंढरं आणि दोन-चार शेरडं घेऊन इस्लामपूरकडे उतरायची. तिथे जोतीराम तात्यांच्या मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवायची. रानाला लेंडीखत मिळायचं आणि धुळाला धान्य. तात्यांचा मुलगा यशराज धुळाच्या खांद्यावर बसून मोठा झालेला. पोरगं मिलिटरीच्या भरतीसाठी पळायला लागलं, तर कौतुक बापापेक्षा यालाच जास्त.

तिकडे एक रीत होती. औषध मारलेल्या रानाच्या कोपऱ्यावर कडुलिंबाचा डहाळा रोवायचा. तो दिसला की मेंढके कळप वळवतात. त्या वर्षी यशराजने उसाच्या खोडव्यावर औषध मारलं, बांधावरच्या गवतावरही ते उडालं. धुळाला डहाळा काही दिसला नाही. त्याने मेंढरं बांधाला लावली आणि दिवस मावळायच्या आत गाभण मेंढ्या तोंडाला फेस येऊन पडायला लागल्या.

यशराज धावत आला. "मामा, डहाळा लावला हुता की मी!"

धुळाला ते धडधडीत खोटं वाटलं. त्याने काठी घातली. यशराजचं उजवं मनगट मोडलं ते पुन्हा सरळ बसलंच नाही. त्याची भरती गेली आणि धुळा तुरुंगात गेला. लोक म्हणाले, मेंढकेच ते, रानटी असायचेच. त्या लोकांचा मला अजून संताप येतो.

तुरुंगात भेटायला गेलेली हरणाबाई रडत म्हणाली, "आवं, त्या दिशी आपलं शेरडू लिंब चघळत हुतं. म्या बगितलं. मला वाटलं, झाडाचाच आसंल."

शेरडं ज्या पाल्यावर जीव टाकतात, त्याच पाल्याची खूण त्यांना अडवायला लावायची! इतक्या वर्षांत हे ना रानवाल्यांच्या डोक्यात आलं, ना मेंढक्यांच्या. मला तर सुचलंच नसतं.

सुटून आल्यावर धुळा मला म्हणाला, "मला त्या पोराकडं घिऊन चल गड्या. त्यो खरं बोलत हुता, येवढं त्येला सांगायचं हाय." मी गाडी काढली.

यशराज रानातच होता. धुळा त्याच्या पाया पडायला वाकला, तसं त्याने घाईने धुळाला धरलं, डाव्या हाताने.

"पोरा, डहाळा हुता. आमच्याच शेरडानं खाल्ला. म्या तुला खोटं पाडलं."

यशराजने बांधाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे उंच बांबूला लाल फडकं बांधलेलं होतं.

"आता पाला लावत न्हाई, मामा. तितं कुठल्या शेरडाचं तोंड पोचत न्हाई. मेंढरं कवा आणताय?"

धुळा त्या फडक्याकडे बघत राहिला.

"मेंढरं न्हाईत रं आता. मी आत हुतो, हरणीला एकटीला राखता येईनात. समदी इकली."