ओळीच्या शेवटी एंटर

ललिताबाई खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं टायपिस्ट होत्या. त्या निवृत्त झाल्या, बोटं काही होईनात. मग त्यांनी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं कॉम्प्युटरवर टाइप करायला घेतली. यंत्र त्या फाइली मोठ्यानं वाचून दाखवतं. नऊ वर्षांत एकशे बारा पुस्तकं! आहे कुणाची छाती?

आणि परवा वारज्याहून अक्षता आली. जन्मापासून दृष्टी नाही, एम.ए.ला आहे, परीक्षा चार दिवसांवर. तिनं लॅपटॉप लावला, ललिताबाईंची सगळी पुस्तकं त्यात होती. यंत्र वाचू लागलं, पण दर सात-आठ शब्दांनी अडखळायचं.

"काकू, रागावू नका. तुम्ही प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारलाय. यंत्राला वाटतं, वाक्य संपलं. असं ऐकून डोक्यात काही शिरत नाही."

मारणारच की! टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि हात आपसूक दांडी ओढून नवी ओळ घ्यायचा. घंटी गेली, हाताची खोड राहिली. ललिताबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाखो ओळी! एकेक एंटर पुसायचा तर हा जन्म पुरायचा नाही. नऊ वर्षं पाण्यात गेली म्हणायची.

"थांबा हो, मी छोटा प्रोग्राम लिहिते. तो सगळ्या ओळी जोडेल." अक्षता भराभर कळा बडवू लागली, आणि मध्येच थबकली. "पण कवितांचं काय? त्या ओळी तुटलेल्याच हव्यात. प्रोग्रामला कविता ओळखू कशी येणार?"

"का नाही येणार?" ललिताबाई फणकारल्या. "परिच्छेद संपला की एक कोरी ओळ, कवितेच्या ओळीआधी पाच जागा मोकळ्या. क्लासात पहिल्याच महिन्यात शिकवायचे."

"प्रत्येक कवितेला पाचच?"

"मग काय साडेचार?"

अक्षतानं आधी यंत्राला पाचाऐवजी चार किंवा सहा जागा सोडलेल्या ओळी मोजायला लावल्या. यंत्र म्हणालं, शून्य. तिनं पुन्हा मोजायला लावल्या. शून्यच! मग तिनं एक कळ दाबली.

"झालं, काकू."

"एक पुस्तक?"

"सगळी."

ललिताबाईंनी पुसायला घेतलेला चष्मा अजून हातातच होता. यंत्र वाचू लागलं. वाक्यंच्या वाक्यं सरळ, न अडखळता. मग कविता आली, आणि आवाज प्रत्येक ओळीशी अदबीनं थांबत गेला. अगं बाई! जिनं कधी अक्षर पाहिलं नाही, त्या पोरीनं त्यांच्या लाखो ओळी चुटकीसरशी जोडल्या होत्या. त्यांना तिच्या पाया पडावंसं वाटलं.

त्या काही बोलणार, तोच अक्षतानं चाचपडत त्यांचा हात शोधला. एकेक बोट हळूच दाबून पाहिलं.

"हीच ना ती बोटं?" तिनं विचारलं.