वरच्या कप्प्यातले देव

विमान धावपट्टीकडे निघालं आणि समोरच्या पडद्यावर सुरक्षेचा व्हिडिओ सुरू झाला, की हल्ली मी मोबाइल पर्समध्ये टाकते आणि पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी ताठ बसून बघते. नवरा हसतो. हसू दे. आधी मीही हसायचे. पट्टा कसा लावायचा ते शिकायला आपण काय आत्ताच बैलगाडीतून उतरलोय, असं वाटायचं. माझं मत बदललं ते सासूबाईंमुळे, आणि त्यांचे उपकार या जन्मात फिटतील असं मला वाटत नाही.

सासरे गेल्यावर कऱ्हाडचं घर बंद करून सासूबाई कायमच्या आमच्याकडे म्हैसूरला यायला निघाल्या. नवऱ्याला रजा मिळेना, म्हणून आणायला मी गेले. पुणे ते बंगळूर हा त्यांचा पहिलाच विमानप्रवास. बाकी सामान ट्रकनं पुढे गेलं होतं. पण घरचे टाक, म्हणजे कुलदैवतांच्या मूर्ती कोरलेले चांदीचे छोटे पत्रे, ते कुणाच्या हाती देणार? ते त्यांनी रेशमी कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातले होते आणि डबा मांडीवर घेतला होता. हवाई सुंदरी म्हणाली, डबा सीटखाली ठेवा.

"देव पायाशी?" सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू ही कल्पना माझीच. शेवटी डबा डोक्यावरच्या कप्प्यात गेला.

मग व्हिडिओ सुरू झाला. सासूबाई कीर्तनाला बसावं तशा कान देऊन बसल्या. सीटखाली हात घालून त्यांनी जाकीट चाचपलं. मागे वळून दारापर्यंतच्या रांगा मोजल्या. मागच्या गृहस्थांना वाटलं, या आपल्याकडेच बघताहेत, त्यांनी नमस्कार केला. बाहेर पडताना सामान घेऊ नका, हे ऐकल्यावर मात्र सासूबाईंचा चेहरा उतरला.

"अगं, म्हणजे देव वरच राहणार?"

"अहो आई, काही होत नाही. आपलं सांगायचं म्हणून सांगतात."

त्यांचं समाधान झालं नाही. पट्टे तपासत ती मुलगी आली, तेव्हा त्यांनी आपल्या कऱ्हाडी हिंदीत तिलाच गाठलं. "भगवान है ऊपर. उनको भी नहीं लेनेका?"

मुलगी पोरसवदाच होती, पण हसली नाही. वाकून म्हणाली, "कुछ भी नहीं, माँजी. सिर्फ आप."

सासूबाई बंगळूरपर्यंत वरच्या कप्प्याकडे बघत होत्या.

आम्ही म्हैसूरच्या नजरबाद भागात तिसऱ्या मजल्यावर राहतो. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, चहासुद्धा व्हायच्या आधी त्यांनी विचारलं, "दारं किती?"

"एकच की."

"घराचं नाही गं. इथून खाली जायची."

लिफ्टशेजारचा जिना मला ठाऊक होता. मागच्या बाजूला आणखी एक जिना आहे, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, कारण त्याच्या दारापुढे शेजारच्या आजींचं चपलांचं कपाट, मोडकी सायकल आणि कुंड्या होत्या. आजींचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठीच, पण निम्मी कन्नडात भिजलेली.

"अय्यो, त्या बागलातनं कोण जातंय हो?" त्या दाराकडे हात करून आजी म्हणाल्या. "सगळे लिफ्टनंच जातात, अल्वा? हो की नाही!"

"कुणी जात नाही म्हणूनच मोकळं हवं," असं म्हणून सासूबाईंनी पदर खोचला आणि पहिली कुंडी उचलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आल्या आल्या शेजाऱ्यांचं घर आवरायला निघालेली सासू! पण आजींना गंमत वाटली असावी, त्याही हात लावायला आल्या. पुढे दोघी रोज संध्याकाळी त्याच जिन्यानं उतरून फिरायला जाऊ लागल्या.

दसरा होऊन गेला होता. नवरा कामासाठी हुणसूरला गेला होता आणि मी घरूनच काम करत होते. भरदुपारी वीज गेली. थोड्या वेळानं दाराखालून धूर आत येऊ लागला. तळमजल्यावर मीटरच्या खोलीत आग लागली होती आणि धूर लिफ्टशेजारच्या जिन्यानं वर चढत होता. मी दार उघडलं तर समोरची भिंत दिसेना.

मला पहिल्यांदा आठवले ते देव. सासऱ्यांनी रोज पुजलेले टाक. ते गेले तर ही बाई जगेल कशी, एवढंच डोक्यात होतं. मी आत धावले आणि एकेक टाक उचलून ओढणीत घेऊ लागले. डोळे चुरचुरत होते, खोकल्याची उबळ थांबत नव्हती. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी करकचून धरलं.

"ठेव ते."

"अहो आई, देव..."

"सिर्फ आप!" त्या माझ्यावर ओरडल्या. आयुष्यात पहिल्यांदाच.

हातातले टाक तिथेच पडले. बाहेर आल्यावर मी सवयीनं लिफ्टकडे वळले, तर त्यांनी मला मागे ओढलं. "खाली वाक. भिंत सोडू नको." आजींचं दार थापटून त्यांनाही बरोबर घेतलं. काहीच दिसत नव्हतं, पण सासूबाई हातानं दारं मोजत चालल्या होत्या. मागचं दार सहज उघडलं आणि जिन्यात स्वच्छ हवा लागली.

खाली आवारात त्या अनवाणी उभ्या होत्या. आमच्या खिडकीकडे बघून त्यांनी हात जोडले आणि हमसून हमसून रडल्या. तेव्हा मला उमजलं, त्यांनी काय सोडून माझं मनगट धरलं होतं. मीही रडले. आजी आम्हा दोघींच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

बंब आला, आग विझली, कुणालाही इजा झाली नाही. संध्याकाळी वर गेलो तर देवघर काजळीनं काळं झालं होतं. टाक जमिनीवर पडले होते तसेच होते. सासूबाईंनी ते उचलून कपाळाला लावले आणि रांगोळीनं घासायला बसल्या.

तेवढ्यात नवरा धापा टाकत आला. आम्ही सुखरूप आहोत हे त्याला फोनवर कळलंच होतं. काळं देवघर बघून तो म्हणाला, "आई, देव नेले होतेस ना बाहेर?"

"नाही," टाक पुसता पुसता त्या म्हणाल्या. "हिला नेलं."