मुरमातला फड्या निवडुंग

फड्या निवडुंगाचं मला अजून नवल वाटतं. ज्याला आपण पान म्हणतो, तो चपटा फडा म्हणजे खरं तर खोड. खरी पानं कोवळ्या फड्यावर दाण्याएवढी येतात आणि गळून जातात. बांधावरचा तीनधारी निवडुंग नावाने याचा भाऊ, पण कुळ वेगळं. तो मोडला की पांढरा चीक येतो. फडा मोडला तर नुसतं बुळबुळीत पाणी.

नोकरीत असताना मी बिनकाट्याच्या जातीचे फडे आणले. सोलापूरबाहेरच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यात ते ताजे कापलेलेच रोवले आणि हौसेनं रोज पाणी दिलं. रोवलेले सगळे कुजले. मोहोळहून आलेल्या मेहुण्यानं विचारलं तेव्हा मी बायकोवर ढकललं, "तुमच्या बहिणीनं पाणी पाजलं." ती कुजलेले फडे गोळा करत राहिली.

दोन फडे तिनं आधीच शेडच्या सावलीत काढून ठेवले होते. कापलेली कड वाळून चामड्यासारखी झाली, तेव्हा तिनं ते मुरमाड कोपऱ्यात लावले आणि पाण्याचं नाव काढलं नाही. आज तिथं माझ्या खांद्याएवढं रान आहे. पिवळी फुलं, मग लालभडक बोंडं. बघणारे माझं कौतुक करतात आणि मी ते करून घेत आलो.

यंदा मेहुणा शेळ्यांच्या चाऱ्यासाठी लावायला फडे न्यायला आला. बायको विळा घेऊन निघाली, तर हा म्हणतो, "दाजी, तुमीच काडून द्या. आक्काच्या हातात नगं, पुन्यांदा कुजवंल ती."

ती हसली, पण विळा खाली ठेवला. ते मात्र मला बघवलं नाही.

"पाणी मी घातलं होतं," मी म्हणालो. "ते मी कुजवले. हे सगळं तिनं लावलंय."

मेहुणा बघतच राहिला. "आन् इतकी वर्सं आमी हिलाच चिडवतुया व्हय! आक्का, तू गप कशी ऱ्हायलीस गं?"

"काय करू? यांना पाणी घालायची लई हौस. अजून माझ्या तुळशीला सोडत न्हाईत."

तिनं विळा उचलला आणि सांध्यावर बेतानं फडे कापायला लागली. मी पोतं धरून उभा राहिलो. मेहुण्यानं पुढचं मला विचारलंच नाही.

"आक्का, लावल्यावर पाणी कवा घालू?"