हातावरची गोळी

माझी थोरली जाऊ अकोल्याला जुन्या शहरात राहते. वय अठ्ठ्याहत्तर, मधुमेह, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. तरी मी तिच्यावर जळते, आणि हे आता लपवण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

कारण साधं आहे. तिचा मुलगा रोज सकाळी आठ वाजता तिच्या तळहातावर गोळी ठेवतो, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला देतो आणि ती गिळेपर्यंत उभा राहतो. अमरावतीत मी एकटी. माझ्या मुलानं पुण्याहून सात कप्प्यांची डबी पाठवली आहे. रविवारी चष्मा लावून ती मीच भरते. बोटं आखडल्यापासून गोळीचं पाकीट कात्रीनं कापावं लागतं, मग निम्म्या गोळ्या पलंगाखाली आणि मी काठीनं त्या ओढत बसलेली.

एका बाबतीत मात्र मी तिच्या वरचढ होते. शुगरमुळे तिचे उपवास सुटले, माझी चतुर्थी अजून कडक असते. मागच्या हिवाळ्यात मी मुद्दाम चतुर्थीच्या आदल्या दिवशीच अकोल्याला गेले. सकाळी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, मला चंद्रोदयापर्यंत काही नको, कोरा चहा तेवढा पुरे.

जाऊ देवघरात होती. खिडकीशी ऊन येतं म्हणून मी तिच्या खुर्चीत, तिचीच शाल गुंडाळून बसले होते. पुतण्या कानाला मोबाईल लावून आला. माझ्याकडे नीट न बघता हात पुढे केला. मीही तळहात पसरला. गोळी माझी नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, माझी पांढरी असते आणि ही हिरवट होती. तरी मी ती गिळली. तो उभा होता तेवढा वेळ मी पाणी अगदी सावकाश प्यायले.

थोड्या वेळानं जाऊ बाहेर आली आणि गोळी मागू लागली. पुतण्या हसला. "आई, आत्ताच तर देल्ली तुले. आजकाल लय इसरून राहिली तू."

"म्या काई घेतली नाई," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे बघितलं, मग आपल्या रिकाम्या तळहाताकडे. आपलंच चुकलं असेल असं तिला वाटलं. मी शालीच्या दशा नीट करत राहिले. तिचा उतरलेला चेहरा बघून मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

तासाभरात मला दरदरून घाम सुटला. हात लटपटायला लागले, समोरची भिंत हलायला लागली. मशीनवर साखर बघितली तर पार खाली. पुतण्याला कळेना, काकूला तर फक्त बीपी आहे, शुगर नाही. तेव्हा सांगावंच लागलं. तुमची गोळी मी घेतली, मी जावेला म्हणाले.

ती साखरेचं पाणी ढवळत होती. "काहून वं?"

"त्यानं हातावर ठेवली म्हणून."

माझा उपवास तिनंच चमच्या-चमच्यानं मोडला.

तेव्हापासून पुतण्या रोज आठला फोन करतो. काकू, गोळी घेतली का? मी साडेसातलाच घेतलेली असते. तरी म्हणते, थांब, पाणी आणते, आणि फोन कानाशी धरून तशीच बसून राहते. तो घाईत असतो. आईची गोळी राहिली म्हणतो आणि फोन ठेवतो.