साबणाचे बोल्ट

ऐंशीच्या आसपास आमच्या पिंपरीच्या कारखान्यात कागदी पट्टीवर चालणारं मशीन आलं. पट्टीत जशी भोकं, तसं मशीन लोखंड कापणार. ती भोकं पाडण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण मशीनचं इंग्रजी पुस्तक पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला कारखान्याच्या अख्ख्या मशीन शॉपमध्ये मी एकटा. समजलं किती, हे सुदैवानं कुणी विचारलं नाही. मी प्रोबेशनवर होतो. या मशीनवरचा पहिला जॉब, म्हणजे कापून काढायचा पहिला भाग, नीट निघाला तर नोकरी कायम, नाहीतर परत गावी, वडिलांच्या पिठाच्या गिरणीत.

जोडीला कासारवाडीचे एक मिस्त्री होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. नवीन काम आलं की आधी हवेत, मग साबणावर, मग लोखंडावर, ही त्यांची पद्धत. त्यासाठी धुण्याच्या साबणाच्या लांब वड्या कपाटात ठेवलेल्या. म्हणायचे, "हवेतलं सगळंच खोटं. साबणातलं निम्मं तरी खरं असतं."

मी मशीनच्या टेबलावर काहीही न लावता ते चालवून पाहिलं. कापणारं टूल हवेत असं काही फिरलं, की मला तिथं तयार जॉब दिसायलाच लागला.

"आता साबण लावू," चाचा म्हणाले.

"चाचा, हे काय धुणं आहे? ते ओतीव लोखंडाचं कास्टिंग चढवा. मी साहेबांना घेऊन येतो."

"एकच कास्टिंग आलंय, राव."

"म्हणून तर एकदाच करायचं!"

"बरं," चाचा म्हणाले. त्या 'बरं'ला मी घाबरायला हवं होतं.

साहेबांना घेऊन आलो. मी टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. ते मिस्त्रीचं काम, आपण पॅनेलवरच्या लुकलुकत्या दिव्यांचे मानकरी! ऐटीत बटण दाबलं. कूलंटचं पाणी सुटलं, टूलनं पहिलं भोक पाडलं आणि दुसऱ्याकडे जाताना वाटेतला बोल्ट मुळासकट उडवला. मग दुसरा. मग तिसरा. मग फेस यायला लागला, तो थेट साहेबांच्या बुटांपर्यंत.

"ही कंपनी आहे का धोबीघाट?" साहेब ओरडले.

मशीन बंद करायचं मला सुचलंच नाही, चाचांनी केलं. टेबलावर साबण होता, बोल्टही साबणाचेच कोरलेले. कास्टिंग बाजूला खाली, धडधाकट.

"ट्रायल आहे, साहेब," चाचा म्हणाले. "साबणावर बघितल्याशिवाय लोखंडाला हात लावायचा नाही, असा यांचा आग्रह."

फेसात उभं राहून जितक्या रुबाबात मान हलवता येते, तितकी मी हलवली.

साहेब गेल्यावर चाचांनी विचारलं, "हवेत जॉब दिसला ना तुला?"

"दिसला."

"आणि त्याला धरून ठेवणारे बोल्ट?"

मी कोरी पट्टी पुढ्यात ओढली.

मग बोल्टवरून टूल उचलणारी नवी पट्टी केली, आणि कास्टिंग सुखरूप निघालं. कायम झाल्याचं पत्र सही करून परत देण्यासाठी आलं, त्यात माझ्या 'सावध वृत्तीचं' कौतुक होतं. मी ते चाचांना वाचून दाखवलं. हसून हसून त्यांना ठसका लागला. मग कपाटातून कापलेल्या साबणाचा एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"घे. आधी हात धू, मग सही कर."