आंब्याखालची जमीन

मंगळवार, २४ मार्च. सकाळचं काम चुन्याचं. ड्रोन उडवण्याआधी जमिनीवर ठिकठिकाणी चुन्याच्या मोठ्या फुल्या माराव्या लागतात, म्हणजे वरून काढलेले फोटो एकमेकांशी नीट जुळतात आणि त्यांतून जमिनीचा चढउतार काढता येतो. धारणीच्या पुढचं हे गाव एका नाल्याच्या काठी आहे. नाल्यावर बंधारा किती उंच बांधायचा हे ठरवायला आमच्याकडून डोंगराचं मॉडेल मागवलं होतं. अमरावतीहून मी मुद्दाम मार्चमध्ये निघाले. पावसाळा संपल्यावर लगेच आलं तर कॅमेऱ्याला सागाच्या पानांखेरीज काही दिसत नाही. मार्चमध्ये साग उघडा पडतो आणि त्याच्याखालची जमीन दिसते.

सोबत जीप चालवणारे भाईजान होते. अकोल्याचे, माझ्याच वयाचे. डोंगरातल्या कामाला कित्येक वर्षांपासून तेच येतात. हातात चुन्याचं घमेलं असलं तरी तोंड चालूच.

"ताई, अकोल्यात लोक विचारतात, जंगलात काय करता? मी सांगतो, म्याडम आभायातून फोटो काढते, मी जमिनीले चुना लावतो."

"हातबी चालवा. ऊन चढून राहिलं."

मोहाची फुलं वेचून परतणारी एक म्हातारी फुलीपाशी थांबली. कोरकू होती, आमच्याशी मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत बोलत होती. तिने फुलीला वळसा घातला आणि विचारलं, "बाई, पानी त्या आंब्यापोत येईन का?"

"आत्ताच कसं सांगू, माय? संध्याकाळी समजेल. काहून?"

नाल्याच्या वळणावर जुना, दाट आंबा होता. त्याच्याखाली गावातले मुंडे उभे होते. मुंडा म्हणजे गेलेल्या माणसासाठी कोरलेला सागवानी खांब. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. माणूस गेला की लगेच नाही, घरच्यांना जमेल तेव्हा, कधी काही वर्षांनी, गावाला जेवण घालून तो उभा करतात. म्हातारीच्या नवऱ्याचा तिथे होता. तिचा मुलगा मजुरीला बाहेरगावी गेला आणि तिकडेच तापाने गेला. त्याचा मुंडा कोरून तयार होता, घरात भिंतीला टेकवून ठेवलेला. मोहाचा हंगाम आटोपला की तो आंब्याखाली न्यायचा होता.

"बापाच्या बाजूले," ती म्हणाली. "लहानपनी बी त्याच्याच बाजूले झोपे."

ड्रोनच्या फेऱ्या झाल्या. दुपारी शाळेच्या व्हरांड्यात बसून मी लॅपटॉपवर कच्चं मॉडेल तयार केलं. त्यात आधी झाडं काढून टाकायची असतात, म्हणजे नुसती जमीन उरते. मग ठरलेल्या उंचीचा बंधारा घालून त्यात पाणी भरून पाहायचं. पाण्याची निळी रेघ आंब्याच्या अलीकडे थांबली.

भाईजान माझ्या खांद्यावरून बघत होते. "नाही येत! सांगून येऊ का मायले? सकायपासून कुडापाशी उभी हाय बिचारी."

"थांबा."

"आता काय झालं?"

साग उघडा होता, आंबा नव्हता. आंबा बारा महिने पानांनी भरलेला. त्याच्याखालची जमीन एकाही फोटोत आली नव्हती. अशा ठिकाणी संगणक आजूबाजूची जमीन ताणून मधलं भोक बुजवतो. भाईजानचा भाऊ अकोल्याच्या बाजारात रफूचं काम करतो, म्हणून त्यांना तसंच सांगितलं. "हे रफू हाय. खालचं कापड आपन पाह्यलंच नाही."

"चांगलं रफू कोनाले दिसत नाही, ताई."

"तेच तं."

नाल्याकाठी लेव्हलची, म्हणजे जमिनीची उंची मोजायची, दुर्बीण लावली. स्टाफ म्हणजे आकड्यांची उंच पट्टी. ती घेऊन भाईजान आंब्याकडे गेले. फांद्यांच्या बाहेर त्यांनी चपला काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं.

"सरळ धरा."

"पट्टी सरळच हाय. मीच वाकडा उभा हाव."

मी आकडा वाचला. जागा बदलून पुन्हा वाचला. आंब्याखाली खोलगट होतं आणि ते नाल्याच्या बाजूने उघडं होतं. वर्षानुवर्षं पुराचं पाणी तिथे वळून माती नेत असणार. बंधारा भरला की पाणी मुंड्यांच्या डोक्यावरून जाणार होतं.

म्हातारी येऊन उभीच होती. असं काही सांगायचं तर सरळ सांगावं. आढेवेढे घेऊन ते हलकं होत नाही.

"येते, माय. मुंडे बुडतील."

ती खाली बसली. भाईजानला ते सहन होईना. "माय, सगळे उचलून वर नेऊ. जीप हाय ना माझी."

"तुमच्या कबरस्तानातून उचलता का मानसं, भाऊ?"

भाईजान स्टाफ मिटायला लागले.

मी म्हणाले, "बंधारा कमी उंच करा, असं मी लिहू शकते. पन मग पानी संक्रांतीपोतच पुरेल. उन्हाळ्यात नाला असाच कोरडा."

"नको लिहू," ती लगेच म्हणाली. "बंधारा आमी बायांनीच मांगतला. धारणीले कचेरीपुढं जाऊन बसलो होतो. माह्या सुना रोज हंडा घेऊन ती घाटी चढतेत." मग आंब्याकडे पाहून म्हणाली, "म्हातारा समजून घेईन. पोराले कुठं ठेवू, ते सांग."

"सकाळी पाहू," मी म्हणाले.

मुक्कामाला धारणीला आलो. मी अहवालात लिहिलं की आंब्याखालची पातळी मॉडेलमधून घेऊ नये, प्रत्यक्ष मोजलेली घ्यावी. तिथे गावाचे मुंडे आहेत आणि ते पाण्याखाली जातील, हे बांधणाऱ्यांनी आधी गावासमोर बोलावं. लिहून झाल्यावर नवरा आठवला. त्याची रक्षा पूर्णा नदीत सोडून आम्ही त्याच संध्याकाळी घरी परतलो होतो. जाऊन उभं राहावं अशी जागा माझ्याकडे कुठेच नाही. त्याआधी कधी ती हवीशी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत आम्ही नाल्यावरचा उतार चढलो. म्हातारी पुढे, मागे मी, शेवटी स्टाफ घेऊन भाईजान. ती एखाद्या झाडाशी थांबायची आणि माझ्याकडे बघायची. पहिलं झाड पाण्यात जात होतं. दुसरं बरंच वर होतं, पण तिथून तिने खाली पाहिलं आणि नको म्हणाली. मध्ये बांबूचं बेट होतं, आंबा दिसत नव्हता. मग ती उताराला आडवी चालत गेली आणि एका मोहाखाली थांबली. तिथून आंब्याचा शेंडा दिसत होता. मी दुर्बीण लावली, दोनदा वाचलं.

"इथं पानी येत नाही, माय."

"पक्कं?"

"पक्कं. मोजलं हाय."

तिने हाताने पालापाचोळा बाजूला सारून जागा दाखवली. मी तिथे खुंटी ठोकली, दुर्बीण पेटीत ठेवली आणि पलीकडच्या डोंगरावर ड्रोन उडवायला गेले.