पाणी दिलेली पिन

मॅनेजर दुकानाच्या दारात दिसला, तरी टर्नरबाईने लेथ बंद केला नाही. हातातलं काम पुरं होईपर्यंत त्याला तसंच ताटकळत ठेवलं, चांगली वीस मिनिटं. सहा वर्षं जिने मनातल्या मनात या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, तिला वीस मिनिटं म्हणजे काहीच नव्हती.

याच माणसाच्या गोदामात तिचा नवरा पॅलेट जॅकने, म्हणजे माल वर उचलून ओढायच्या हातगाडीने, माल ओढायचा. जॅकच्या सांध्यातली पिन झिजली, तेव्हा या महाशयांनी काटकसर म्हणून तिथे साधा बोल्ट ठोकून दिला. बोल्ट तुटला, टनभर फरशा खाली आल्या आणि नवऱ्याच्या उजव्या पायाची तीन बोटं गेली. कागदावर मात्र चढलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. नोकरी गेली ती गेलीच, वर चारचौघांत धांदरट म्हणून नाव झालं. नवरा म्हणजे गरीब गाय. म्हणायचा, "जाऊ दे गं." ही जाऊ देणाऱ्यांतली नव्हती. वडिलांचा लेथ तिने पुन्हा सुरू केला आणि जॅकच्या, फोर्कलिफ्टच्या पिना करण्यात असा हात बसवला, की आसपासची सगळी गोदामं तिच्याच दारात यायला लागली. हाही एक दिवस येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"जॅक बंद पडलाय, ताई. कंपनीची पिन यायला पंधरा दिवस लागतील. बाहेर ट्रक खोळंबलेत."

"अगंबाई! मग बोल्ट घाला की."

मॅनेजरने हात जोडले.

"देते पिन. पण बसवायला मी येणार. आणि पहिला माल तुम्ही ओढायचा. सगळ्यांसमोर, अनवाणी."

पिन तिने मन लावून केली. लालबुंद तापवली, तेलात बुडवून पाणी दिलं, म्हणजे पोलाद कडक केलं, पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढला. पाणी न देता घासून चकचकीत केलेली पिन दिसायला अगदी अशीच असते, फक्त टिकत नाही. तशी एखादी द्यावी, असं तिच्या मनात आलं नाही असं नाही. पण उद्या तो जॅक दुसऱ्याच कुणा बाईचा नवरा ओढणार होता.

मॅनेजरला यातलं काय ठाऊक? गोदामात कामगारांच्या घोळक्यात बूट काढून तो उभा राहिला. फरशांचा ढीग वर उचलला गेला. त्याने दांडा धरला आणि सोडला.

"नीट पाणी दिलंय ना, ताई?"

"ओढून बघा की."

त्याने आपल्या उघड्या पायांकडे बघितलं. "तेव्हा बोल्ट मीच घातला होता," तो पुटपुटला. "तुमच्या मिस्टरांची काही चूक नव्हती."

"मोठ्याने बोला. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

तो मोठ्याने बोलला. नवऱ्याला धांदरट म्हणणाऱ्यांच्या माना खाली गेल्या. बाईला इतका आनंद झाला, की खरं तर लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

सुटलो असं समजून मॅनेजर बूट घ्यायला वाकला. तिने ते पायाने बाजूला सारले.

"आता ओढा," ती म्हणाली.